गोधडी, टेबल टेनिसचं टेबल आणि मी

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षात महिला मंडळाने आपल्या सभागृहात गोधड्यांचं प्रदर्शन भरवलं होतं. त्या वेळी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोललो तसाच ठेवला आहे, पुनरुक्ती तेवढी काढली.)



आज मला बोलायला उभं केलंय, याचं सगळ्यांत जास्त आश्चर्य मलाच वाटतंय. या भिंतींवर ज्या अकरा गोधड्या लावल्या आहेत, त्यांतल्या एकीतही माझा एक टाका नाही. मी छत्तीस वर्षं बँकेत नोकरी केली. शिवण्याशी माझा संबंध म्हणजे व्हाउचरांचे गठ्ठे दाभणाने शिवून घेणं, आणि तेसुद्धा शिपाई शिवायचा, मी वर सही करायचो. पण मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "काका, तुम्ही शिवणावर बोलूच नका. जागेवर बोला. जागेचा घोळ तुम्हीच घातलात आणि तुम्हीच निस्तरलात." तेव्हा घोळापासूनच सुरुवात करतो.

तरुण सभासदांसाठी आधी थोडं सांगायला हवं. गोधडी म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे, पण ती होते कशी हे आता फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. आपल्याकडे गोधडी, साताऱ्या-कोल्हापुराकडे वाकळ, खाली कर्नाटकात कौदी. जुनी लुगडी, धोतरं, साड्या एकावर एक अंथरायच्या आणि आरपार धावदोरा घालत सगळे पदर एकजीव करायचे. कापूस नाही, फोम नाही. ऊब येते ती पदरांच्या मध्ये अडकलेल्या हवेची, आणि मऊपणा येतो तो वर्षानुवर्षं धुतलेल्या सुताचा. बंगालमध्ये याच रीतीने कांथा होतो, बिहारमध्ये सुजनी. गरज सगळीकडे एकच होती, जुनं कापड टाकवत नव्हतं.

आता बँकवाल्याचा हिशोब. नऊवारी म्हणजे नऊ वार, म्हणजे सत्तावीस फूट. त्याचे चार तुकडे केले की प्रत्येकी पावणेसात फूट. पन्हा साधारण चार फुटांच्या आत-बाहेर. म्हणजे एका लुगड्यात एका माणसाची चार पदरी गोधडी बसते, वर चिंधी उरत नाही. 'चौघडी' हा शब्द ऐकला असेल, तो ह्या चार पदरांवरूनच. ज्या कुणा बाईने हे पहिल्यांदा जमवलं, तिला मी आमच्या हेड ऑफिसच्या बॅलन्स शीट विभागात घेतलं असतं.

आमची ही लग्न होऊन आली तेव्हापासून गोधड्या शिवते. माझ्या बदल्या होत राहिल्या, सातारा जिल्ह्यात, मग सोलापूर, मग कोकणात एक वर्ष. प्रत्येक ठिकाणी भाड्याच्या घरात तिने आधी एकच गोष्ट पाहिली, पुढच्या खोलीत गोधडी पसरायला सलग जमीन आहे का. शेणाने सारवलेली असो की शहाबादी फरशी असो, ती दुपारी जेवणं आटोपली की गोधडी अंथरायची आणि तिच्यावरच बसून शिवायला लागायची. मुलं तिथंच लोळायची. आपल्या वजनाने पदर जागेवर राहतात, सरकत नाहीत, म्हणून गोधडीवरच बसायचं असतं, हे मला परवा-परवा कळलं. मला वाटायचं, जागा नाही म्हणून बसते.

२००० साली ही संस्था नोंदली गेली आणि आपण इथे राहायला आलो. दोन बेडरूम, हॉल, स्वयंपाकघर. घर स्वतःचं झालं, पण सलग जमीन गेली. सोफा आला, डायनिंग टेबल आलं, टीव्हीचं कपाट आलं. तरी ती सोफा सरकवून शिवत होती. मग गुडघे गेले. डॉक्टरांनी सांगितलं, जमिनीवर बसणं बंद, मांडी घालणं बंद. त्या वेळी एक गोधडी अर्ध्यात होती. हिच्या आईच्या दोन लुगड्यांची. वरचं लुगडं ठिगळं लावून तयार झालं होतं, मधले पदर निवडून ठेवले होते, खालच्या पदरासाठी आईचंच निळं इरकल बाजूला काढलं होतं. ती गोधडी घडी करून पलंगाखालच्या कप्प्यात गेली आणि तीन वर्षं तिथेच राहिली.

मी निवृत्त माणूस. निवृत्त माणसाला घरात सुधारणा सुचतात. मी म्हटलं, अगं, जमिनीवर नको तर टेबलावर शिव. तर म्हणाली, "शिवण्याचं काही नाही हो, काढण्या-घालण्याचा वैताग येतो." मला ते पटेना. म्हणून मी तीन दिवस घड्याळ लावून पाहिलं. माझी सवयच तशी. मशीनवरचं झाकण काढणं, डायनिंग टेबल रिकामं करणं, पेटी उघडणं, कापड शोधणं, इस्त्री लावणं, यात पंचवीस मिनिटं. संध्याकाळी पाहुणे येतील, मुलं येतील म्हणून सगळं पुन्हा आवरणं, त्यात वीस. आणि प्रत्यक्ष शिवण झालं अर्धा तास, एक दिवस पस्तीस मिनिटं. मी तिला आकडे दाखवले. ती म्हणाली, "तेच सांगत होते."

आता इथपर्यंत मी बरोबर होतो. दुखणं ओळखलं होतं. चुकलो ते औषधात.

दिवाळीची साफसफाई होती. ही चार दिवस मुलीकडे गेली होती. मी ठरवलं, आल्यावर हिला चकित करायचं. मागची छोटी खोली रिकामी केली. बोहरी आळीतून प्लास्टिकचे पारदर्शक डबे आणले, सोळा. त्यांना नंबर घातले. एक वही केली, स्टेशनरी रजिस्टरसारखी, कोणत्या डब्यात काय. हिच्या कापडांची गाठोडी सोडली आणि सगळं रंगावर लावलं. लाल लालात, निळं निळ्यात, छापील वेगळं. बटणं वेगळी, रिळं वेगळी, कात्र्या सगळ्या एका खणात. खोली अशी दिसायला लागली की इन्स्पेक्शनला आलेल्या ऑडिटरने उठून हात मिळवला असता.

आणि जे कापड फाटकं, विरलेलं, रंग गेलेलं दिसलं, त्याचं एक बोचकं बांधून बाजूला ठेवलं. त्याच दुपारी खाली बोहारणीची हाक आली. मी तिला वर बोलावलं. तिने बोचकं चाचपलं, आतून एक-दोन पदर ओढून पाहिले, म्हणाली, "काका, याला पातेलं देईन." पाच लिटरचं स्टीलचं पातेलं. मला सौदा फायद्याचा वाटला.

पुढचं तुमच्या लक्षात आलं असेल. त्या बोचक्यात ते निळं इरकल होतं.

ही आली. खोली पाहिली. "छान केलंत" म्हणाली. मग डबे उघडून पाहायला लागली, आधी सावकाश, मग भराभर. मला विचारलं. मी पातेल्याचं सांगितलं. ती काही बोलली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. मी दोन रविवार आणि एक बुधवार जुन्या बाजारात जाऊन आलो. जुन्या कपड्यांचे ढीग असतात तिथे, ढिगाढिगात हात घालून पाहिलं. लोक मला विचारायचे, काका, काय साइज पाहिजे. त्यांना काय सांगणार. मिळालं नाही. ते पातेलं अजून आमच्याकडे आहे. त्यात ही दूध तापवत नाही.

मी हे इथे सांगावं का, असा प्रश्न होता. हिला विचारूनच सांगतोय. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि "आटपा" अशी खूण करते आहे.

तर महिनाभराने ती त्या खोलीत शिवायला बसली. शिवायला म्हणजे एका नातेवाइकांच्या बाळाचं दुपटं. मी दारात खुर्ची टाकून पाहत बसलो. आणि मला दिसलं की माझ्या व्यवस्थेत ती दर दोन मिनिटांनी उठते आहे. कात्री खणात, खण पलीकडे. कापड आठ नंबरच्या डब्यात, तो खाली, वर तीन डबे. वही उघडून पाहायची वेळ तर तिच्यावर कधी आलीच नाही, कारण तिला सगळं आधीपासून पाठ होतं, मी ते विस्कटून टाकलं होतं.

आणि कापड रंगावर लावणं हीच मुळात चूक होती. मी विचारलं, तुझी गाठोडी कशावर लावलेली होती? तर म्हणाली, "हाताला लागण्यावर." म्हणजे एका गाठोड्यात खूप धुतलेलं, लोण्यासारखं मऊ झालेलं सूत, ते आतल्या पदरांना आणि बाळाच्या दुपट्यांना. दुसऱ्यात अजून दम असलेलं, ते वरच्या पदराला. तिसऱ्यात टेरिकॉट आणि नवीन कापड, त्यातून सुई जाता जात नाही, ते फक्त काठापुरतं. मी ज्याला फाटकं म्हणून बाहेर काढलं, ते तिच्या लेखी सगळ्यांत वरच्या दर्जाचं होतं. रंग तर ती शेवटी बघते.

मी तेव्हा आमच्या जुन्या शाखेतल्या हेड कॅशियरला आठवलं. चार वर्षं मी त्यांच्या शेजारच्या केबिनमध्ये बसलो. त्यांचं काउंटर बाहेरून पाहिलं तर पसारा दिसायचा. ओला स्पंज, रबर बँडांचा गुंता, शिक्का आडवा, पेन दोरीला बांधलेलं. पण ते माणूस दहा ते दोन एकदाही जागेवरून उठत नसे. डोळे नोटांवर, उजवा हात जाईल तिथे शिक्का, डावा जाईल तिथे स्पंज. आणि आमची रेकॉर्ड रूम, ती मात्र नंबरवार, धूळ झटकलेली, आणि तिथे सहा-सहा महिने कुणी जात नसे. मी हिच्यासाठी रेकॉर्ड रूम करून ठेवली होती. तिला कॅश काउंटर हवं होतं.

दुसऱ्या वेळी मी एकही वस्तू मनाने हलवली नाही. ती बसेल, मी विचारीन, मग ठेवीन. फरक काय पडला ते सांगतो, कारण तुमच्यातल्या पुष्कळ जणींच्या घरी एखादा कोपरा असेलच.

मशीन आधी भिंतीला काटकोनात, डाव्या बाजूला मोकळं होतं. पायमशीन आहे, उषाचं, आमच्या लग्नानंतर दोन वर्षांनी घेतलेलं. गोधडीचा काठ घालताना सगळं ओझं डावीकडून आणि मागून खाली लोंबायचं. ओझं लोंबलं की कापड ओढलं जातं, टाका कुठे लहान कुठे मोठा पडतो, आणि सुई वाकते नाहीतर मोडते. आम्ही सुतार बोलावून मशीनच्या फळीच्या बरोबर उंचीचं एक साधं टेबल केलं आणि डाव्या अंगाला लावलं, मागे भिंत. आता गोधडीचं वजन टेबलावर पडतं. जाड कापडाला सोळा नंबरची सुई ती आधीही वापरायची, तरी मोडायच्या. त्यानंतर मोडलेली मला आठवत नाही.

उजेड. ही उजव्या हाताने शिवते, म्हणून दिवा डावीकडून हवा, नाहीतर हाताची सावली नेमकी टाक्यावर. मी आधी दिवा उजवीकडे लावला होता कारण प्लग तिकडे होता. साठीनंतर डोळ्यांना तरुणपणापेक्षा कितीतरी जास्त उजेड लागतो, हे मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी मला डॉक्टरांनीच सांगितलं होतं, तरी माझ्या डोक्यात प्लगच. चाळीस रुपयांची वायर वाढवली.

सुया ओवणं हा तिचा सगळ्यांत त्रासाचा भाग. तर सकाळी, उन्हात, मी दहा सुया रिळाच्या दोऱ्यात एकामागोमाग ओवून ठेवतो, दोरा न तोडता. ती लागेल तशी एक सुई पुढे घेते, हवा तेवढा दोरा ओढून तोडते, बाकीच्या मागे सरकवते. दोरा मेणावरून एकदा ओढला की गुंता होत नाही. एवढंच माझं या कलेतलं योगदान, आणि मी ते नेमाने करतो.

कात्रीचं तर गंमतच. आमची मुलगी अमेरिकेत असते. तिच्या ओळखीत गोधड्या, म्हणजे तिकडचे क्विल्ट, करणाऱ्या बायका आहेत, त्यांच्या घरात त्यासाठी वेगळ्या खोल्या असतात. तिने आईला रोटरी कटर आणून दिला. गोल पातं, पिझ्झा कापायच्या चाकासारखं. १९७९ साली ओल्फा नावाच्या जपानी कंपनीने तो काढला आणि तिकडच्या क्विल्टवाल्यांचं कापायचं काम एकदम सोपं झालं. नवीन, कडक कापडावर तो लोण्यासारखा चालतो. आमच्या जुन्या लुगड्यावर चालवला तर कापड पुढे गोळा झालं. हिने कटर बाजूला ठेवला, दातांनी कडेला एक चीर पाडली आणि टर्रकन फाडलं. सुती कापड धाग्याच्या सरळ रेषेतच फाटतं. कात्री नको, पट्टी नको, खडू नको. मुलगी बघत राहिली.

पण मुलीने दुसरी एक युक्ती दिली ती मात्र आम्ही ठेवली. कपाटाच्या दारावर एक जुना फलालीनचा तुकडा ताणून लावला. त्यावर सुती ठिगळ नुसतं दाबलं की चिकटून राहतं, टाचणी लागत नाही. वरच्या पदराची ठिगळं कशी लावायची ते ही उभ्याने, चार पावलं मागे जाऊन पाहते, बदलते. पूर्वी हे जमिनीवर वाकून करायची.

इतकं सगळं झालं तरी मुख्य प्रश्न तसाच होता. पदर अंथरायचे कुठे? घरातलं कोणतंही टेबल सात फुटांचं नाही. पदर नीट अंथरून, सुरकुती काढून, टाचे घातले नाहीत तर पुढचं सगळं वाकडं. ही टाचे मधून बाहेर घालत जाते, वीत-वीत अंतरावर, म्हणजे सुरकुती कडेला निघून जाते. मग खरा धावदोरा कडेकडून आत, चौकोनात चौकोन. एकदा टाचे पडले की मग काही नाही, गोधडी मांडीवर घेऊन खुर्चीत बसूनही शिवता येते. म्हणजे मोठी जागा लागते ती फक्त एक-दोन दुपारी. पण लागते.

आणि ती जागा या सभागृहात पंधरा वर्षं उभी होती. टेबल टेनिसचं टेबल. नऊ फूट बाय पाच फूट. मुलांना संध्याकाळी लागतं, दुपारी त्यावर मांजर झोपतं. एका लुगड्याची गोधडी त्यावर अंथरली की लांबीला दोन फूट उरतात. आणि रुंदी पाच फूट, म्हणजे दोन्ही बाजूंनी उभं राहिलं तर प्रत्येकीने अडीच फूटच हात पोहोचवायचा. जमिनीवर जे एकटीने सरकत सरकत करायचं, ते इथे चौघी दोन बाजूंनी करतात, तासाभरात.

मी वार्षिक सभेत 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय' यात हे मांडलं. त्या सभेला जे हजर होते त्यांना आठवत असेल. पार्किंगच्या विषयावर एवढा आवाज झाला नव्हता. एक सभासद म्हणाले, सामायिक जागा खासगी कामाला कशी? दुसरे म्हणाले, उद्या कुणी पापड लाटायला मागेल. तिसऱ्यांनी विचारलं, विजेचं काय. खरं सांगायचं तर प्रश्न रास्त होते. मी बँकेत असतो तर मीही हेच विचारले असते. शेवटी ठराव झाला: मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी दीड ते साडेचार, सर्व सभासदांच्या घरच्यांना खुलं, विक्रीसाठी काम करायचं नाही, विजेचे महिना शंभर रुपये मंडळाने भरायचे, आणि पाच वाजता टेबल मुलांना जसंच्या तसं मिळालं पाहिजे. सूचक मी, अनुमोदक बी विंगमधल्या एक वहिनी. विरोधात सात मतं पडली. त्या सातांपैकी दोघांच्या घरच्या गोधड्या आज या भिंतीवर आहेत, कोणत्या ते सांगत नाही.

पहिल्याच दुपारी कळलं की टेबल ठेंगणं आहे. अडीच फूट उंची खेळायला ठीक, उभ्याने वाकून टाचे घालायला नाही. अर्ध्या तासात सगळ्यांच्या कमरा धरल्या. स्वयंपाकाचा ओटा किती उंच असतो ते मोजलं, आणि सुताराकडून पाच इंचांचे लाकडी ठोकळे करून घेतले, वर खाच पाडून, म्हणजे टेबलाचा पाय घसरत नाही. वरती जुनी सतरंजी टाकतो, पृष्ठभागाला ओरखडा पडू नये म्हणून. इस्त्री टेबलावर करायची नाही हा नियम कडक आहे. इस्त्री वेगळ्या फळीवर, कोपऱ्यात. आणि वर बसून पदर दाबून धरणं आता शक्य नाही, तर त्याला उपाय म्हणजे बँकेतल्या मोठ्या काळ्या क्लिपा. कडेकडेने चावून बसतात. निवृत्त होताना एक डबा घरी आला होता, त्याचा असा उपयोग झाला. बँकेने आता मागू नये.

दुसऱ्या महिन्यात वाईट प्रसंग घडला. आपल्यातलाच एक दहा वर्षांचा मुलगा संध्याकाळी अनवाणी खेळत होता, त्याच्या पायात टाचणी गेली. खोल गेली. रात्री इंजेक्शन द्यावं लागलं. त्याच्या वडिलांनी कमिटीला पत्र दिलं, आणि त्या पत्रातला एक शब्दही चुकीचा नव्हता. दोन आठवडे काम बंद राहिलं. मला वाटलं, संपलं.

तेव्हा मी कमिटीसमोर गेलो आणि म्हटलं, कॅश जशी रोज टॅली होते तशा सुया टॅली करू. तेव्हापासून सभागृहात साध्या टाचण्या आणायच्याच नाहीत. सेफ्टी पिना आणि सुया फक्त, त्या सुरुवातीला मोजून उशीत टोचून घ्यायच्या, शेवटी मोजून परत. वहीत दोन सह्या, एक देणारीची, एक मोजणारीची. आकडा जुळला नाही तर कुणी घरी जायचं नाही. शिवाय माझ्या नातवाने जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काठीला बांधून दिलं आहे, ते सगळ्या फरशीवरून फिरवायचं. पहिल्या वेळी त्याला तीन टाचण्या आणि एक सायकलचा नट चिकटला. ज्या मुलाला लागलं होतं, त्यालाच आता ते फिरवायला आवडतं. त्याची आई मंगळवारी येते.

आता त्या अर्ध्या राहिलेल्या गोधडीचं सांगतो, आणि थांबतो.

मशीन झालं, टेबल झालं, तरी ही ती गोधडी पलंगाखालून काढत नव्हती. मी विचारायचं धाडस करत नव्हतो. खालचा पदरच नव्हता ना. दुसरं कुठलंही कापड चाललं असतं, पण तिला ते लावायचं नव्हतं. एका शुक्रवारी इथे कुणाची तरी गोधडी टाचताना बोलण्यात विषय निघाला. हिनेच काढला की दुसरं कुणी, माहीत नाही, मी तेव्हा सुया मोजत होतो. सी विंगमधल्या चौथ्या मजल्यावरच्या आजी तिथे खुर्चीत बसून असतात, हात कापतो म्हणून शिवत नाहीत, नुसत्या बसतात, गप्पा मारतात. त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या मंगळवारी नातीच्या हातून एक पिशवी पाठवली. आत निळं इरकल. मऊ, कितीतरी वेळा धुतलेलं. बरोबर निरोप, "माझंच आहे. मी आता गाऊन घालते, मला कशाला?"

हिने ते पिशवीतून काढलं, हाताने चाचपलं, उजेडात धरलं. मग घरी जाऊन ती अर्धी गोधडी घेऊन आली. पाच जणींनी मिळून त्या दुपारी टाचे घातले. साडेचार वाजले तरी संपेना, तेव्हा मुलांनीच सांगितलं, "आज्जी, आम्ही आज क्रिकेट खेळतो."

ती गोधडी प्रदर्शनात नाही. अजून धावदोरा व्हायचाय, मधला एक चौकोन राहिला आहे. ही म्हणते घाई नाही. आजी दर मंगळवारी विचारतात, कुठवर आलं. एकदा पुरी झाली की पहिल्या रात्री कुणी पांघरायची यावरून या दोघींचं अजून ठरत नाही.

कमिटीकडे माझी एकच विनंती आहे. त्या जिन्याखालच्या कोपऱ्यात एक कुलपाचं कपाट मिळावं, तीन फुटी पुरेल. ठोकळे, सतरंजी, क्लिपा आणि सुयांची वही दर वेळी चौथ्या मजल्यावरून खाली आणावी लागते, आणि लिफ्ट मंगळवारीच बंद पडते. सेक्रेटरी साहेब ऐकत आहेत, त्यांनी मान हलवलेली मी पाहिली आहे, इथे साक्षीदार भरपूर आहेत.

आणि आता पावणेपाच झाले. टेबलाखालचे ठोकळे काढायला चार माणसं लागतात, प्रत्येक पायाला एक. मी एका पायाशी आहे. बाकीच्या तिघांनी पुढे या.